मार्व्हलस मार्विन हॅगलर: 1987 च्या त्या एका रात्रीपलीकडचा

कोयनाकाठ

मंडळी,

6 एप्रिल 1987 च्या रात्री लास वेगासमध्ये शुगर रे लेनर्ड जिंकला की मार्विन हॅगलर, हा वाद मुष्टियुद्धाच्या चाहत्यांत अजून मिटलेला नाही. इथेही तो होईल आणि व्हावा. पण हॅगलरचं नाव निघालं की बोलणं त्या रात्रीपाशी सुरू होतं आणि तिथेच अडकतं, हे मला मनापासून खटकतं. 67 व्यावसायिक लढती, 62 विजय, त्यांतले 52 नॉकआउटने, 2 बरोबरीत आणि पराभव फक्त 3. त्या रात्रीच्या तिसऱ्या पराभवाखाली बाकीचं सगळं गाडलं गेलंय. ते थोडं उकरून वर काढावं म्हणून हा धागा.

हॅगलर 1954 चा, न्यू जर्सीतल्या न्यूआर्कचा. 1967 च्या उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल उसळली, 26 माणसं गेली. पुढे त्याची आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनला आली. तिथे गूडी आणि पॅट पेट्रोनेली या भावांची बॉक्सिंगची व्यायामशाळा होती. पोरगा तिथे शिरला आणि शेवटच्या लढतीपर्यंत त्याच दोघांसोबत राहिला. पैसा आला की आधी जुने प्रशिक्षक बदलायचे, हे या धंद्यात सर्रास चालतं. हॅगलरने ते केलं नाही.

1973 मध्ये तो हौशी गटाचा राष्ट्रीय विजेता झाला. ऑलिम्पिक तीन वर्षांवर होतं, पण घरी खाणारी तोंडं होती, तीन वर्षं थांबणं परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. पहिली लढत ब्रॉकटनच्याच हायस्कुलात, बिदागी 50 डॉलर. लेनर्ड 1976 चं मॉन्ट्रिअलचं सुवर्णपदक घेऊन आला आणि त्याला पहिल्या व्यावसायिक लढतीचे सुमारे 40,000 डॉलर मिळाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढच्या चौदा वर्षांतला हॅगलरचा राग कुठून आला ते कळतं.

त्याचं वजन मिडलवेटचं, म्हणजे 160 पौंड, साधारण साडेबहात्तर किलो. त्या काळी या वजनाचे सगळ्यात खडूस बॉक्सर फिलाडेल्फियात असायचे. नाव कमवायचं तर त्यांच्या गावात जाऊन त्यांच्याशी खेळायचं. हॅगलर गेला. 1976 च्या जानेवारीत बॉबी वॉट्सने त्याला गुणांवर हरवलं (तो निकाल अनेकांना पटला नव्हता), मार्चमध्ये विली मन्रोने हरवलं (त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती). तरी हा परत परत जात राहिला. मन्रोला 1977 मध्ये दोनदा नॉकआउट केलं, वॉट्सला 1980 मध्ये दुसऱ्याच फेरीत. सायक्लोन हार्ट, बेनी ब्रिस्को यांनाही त्यांच्याच शहरात हरवलं. हे सगळं करूनही विजेतेपदाची लढत मिळेना. तुझ्या आड तीन गोष्टी येतात, तू काळा आहेस, डावखुरा आहेस आणि चांगला आहेस, असं जो फ्रेझरने त्याला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शेवटी टिप ओनील आणि टेड केनेडी या मॅसॅच्युसेट्सच्या बड्या राजकारण्यांना त्याच्यासाठी शब्द टाकावा लागला.

30 नोव्हेंबर 1979 ला, पन्नासाव्या लढतीच्या आसपास, त्याला संधी मिळाली. व्हिटो आंतुओफेर्मोविरुद्ध 15 फेऱ्या. बहुतेकांच्या मते हॅगलर स्पष्ट जिंकला होता. रेफरी मिल्स लेनने आपल्याला कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, म्हणजे विजेत्याचा हात उंचावताना दिसेल, असं हॅगलर पुढे सांगायचा. निकाल लागला तो बरोबरीचा, आणि बरोबरीत विजेतेपदाचा पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहतो. त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात, व्यावसायिक होऊन तीन वर्षंही न झालेला लेनर्ड जगज्जेता झाला.

पुढच्या वर्षी ॲलन मिंटरने आंतुओफेर्मोकडून पट्टा घेतला आणि हॅगलर त्याच्या देशात जाऊन लढला. 27 सप्टेंबर 1980, वेम्बली, लंडन. लढतीआधी मिंटरच्या तोंडचं एक वर्णद्वेषी वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, वातावरण आधीच नासलेलं होतं. तिसऱ्या फेरीत मिंटरचा चेहरा इतका फाटला की लढत थांबवली, आणि प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्यांचा मारा सुरू केला. हॅगलर गुडघ्यांवर बसला, त्याच्या माणसांनी अंगाची ढाल करून त्याला झाकलं. सात वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी ना पट्टा कमरेला बांधला गेला ना हात उंचावला गेला. पोलिसांच्या गराड्यातून ड्रेसिंग रूममध्ये पळावं लागलं.

त्यानंतर साडेसहा वर्षं आणि पट्ट्याचे 12 यशस्वी बचाव. 1982 मध्ये टीव्हीवाले त्याला 'मार्व्हलस' म्हणेनात, तर याने कोर्टात जाऊन ते कायदेशीर नावच करून घेतलं. 1983 मध्ये रोबेर्तो दुरानला 15 फेऱ्यांत गुणांवर हरवलं. 13 फेऱ्या संपल्या तेव्हा दुरान दोन जजांच्या कागदावर एका गुणाने पुढे होता, हॅगलरने शेवटच्या दोन फेऱ्या जिंकून लढत काढली. 1985 मध्ये टॉमी हर्न्स, 1986 मध्ये तोवरची प्रत्येक लढत नॉकआउटने जिंकलेला युगांडाचा जॉन मुगाबी. आणि मग लेनर्ड.

माझ्या दृष्टीने त्याची खरी थोरवी दोन ठिकाणी दिसते. एक, 1973 ते 1980, जेव्हा त्याने कुठलीही लढत नाकारली नाही. दुसरी, 1987 नंतर. तो रिंगमध्ये परत आला नाही. एकदाही नाही. लेनर्डने पुन्हा लढावं म्हणून वर्षभर वाट पाहिली, 1988 मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि इटलीत मिलानला जाऊन राहिला, तिथल्या सिनेमांत कामं केली. 13 मार्च 2021 ला न्यू हॅम्पशायरमध्ये वयाच्या 66 व्या वर्षी तो गेला.

तुमची मतं लिहा. लेनर्डच्या चाहत्यांनीही लिहावं.

चार्ल्सकाठ

लेख फार आवडला. मी बोस्टनजवळ राहतो, कामानिमित्त ब्रॉकटनला जाणं होतं, म्हणून थोडी भर घालतो.

ब्रॉकटन हे एकेकाळचं बुटांच्या कारखान्यांचं गाव. कारखाने गेले आणि गाव उतरणीला लागलं. पण 49 लढती खेळून 49 जिंकलेला रॉकी मार्सियानो याच गावचा, त्यामुळे गाव स्वतःला 'विजेत्यांचं शहर' म्हणवतं. मार्सियानोचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे, आणि 2024 मध्ये हॅगलरचाही पुतळा उभा राहिला. पेट्रोनेली भावांच्या नावाने तिथे आता एक रस्ता आहे.

पेट्रोनेलींचा बांधकामाचा व्यवसाय होता आणि हॅगलर सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांच्याकडेच कामाला होता. दिवसा विटा-सिमेंट, संध्याकाळी सराव. फिलाडेल्फियात जाऊन मार खाणारा आणि देणारा हा माणूस सोमवारी सकाळी कामावर हजर असायचा, हे लक्षात घेतलं की कोयनाकाठ यांनी दिलेले ते 50 डॉलर जास्त बोचतात.

दुसरं म्हणजे प्रॉव्हिन्सटाउन. केप कॉडचं अगदी टोक. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, हिवाळ्यात सगळं बंद. हॅगलर मोठ्या लढतीआधी मुद्दाम तिथे जाऊन राहायचा. त्याला तो 'तुरुंग' म्हणायचा. पहाटे उठून लष्करी बूट घालून वाळूच्या टेकड्यांवर धावायचा, मधेच उलट्या पावलांनीही. मी जानेवारीत तिथे उभा राहिलोय. समुद्रावरून येणारा वारा तोंडावर घेत नुसतं चालणंसुद्धा अवघड असतं.

डावखुरा_

मी जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर खेळलोय, आता मुलांना शिकवतो. हॅगलरच्या खेळाबद्दल लिहितो, कारण त्याच्या रागाबद्दल आणि टकलाबद्दल सगळे बोलतात, पायांबद्दल कुणी बोलत नाही.

साधारण बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. डावखुरा उलट उभा राहतो, उजवा पाय पुढे, आणि त्याचा जड हात डावा. दोघे समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांच्या आड येतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याचा मागचा हात थेट समोरच्याच्या तोंडावर जातो. अख्खी लढत त्या वीतभर जागेसाठी चालते. हॅगलर डावखुऱ्या ठेवणीत लढायचा, पण ठोसा मारतामारता पाऊल टाकून उजव्या ठेवणीत यायचा आणि तिथूनही तितक्याच जोराने मारायचा. आम्ही मुलांना ठेवण बदलायला शिकवतो तेव्हा आधी मागे सरक, मग बदल, असं सांगतो, कारण बदलताना क्षणभर दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि त्या क्षणी हलका ठोसाही आडवा करतो. हॅगलर पुढे चालताचालता बदलायचा. हे धाडस नुसत्या सरावाने येत नाही, हनुवटीवर विश्वास लागतो. 67 लढतींत तो अधिकृतपणे एकदाच खाली पडला, 1984 मध्ये हुआन रोल्दानविरुद्ध, आणि तेही ठोशाने नव्हे तर धक्क्याने, असं चित्रफीत पाहणारे बहुतेक म्हणतात.

त्याचा उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, बघा. लोक त्याला मारामारी करणारा समजतात. टोनी सिब्सनविरुद्धची 1983 ची लढत मी विद्यार्थ्यांना हमखास दाखवतो. त्यात तो सहा फेऱ्या जवळजवळ नुसत्या जॅबवर समोरच्याला सोलून काढतो.

अर्धविराम

धागाकर्त्यांनी लेनर्डच्या चाहत्यांना बोलावलंच आहे, म्हणून लिहितो. हॅगलरबद्दल मला आदर आहे. पण 6 एप्रिलची लढत लेनर्डने जिंकली, आणि ती चोरून नाही.

लेनर्डच्या डोळ्याच्या पडद्यावर 1982 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पाच वर्षांत तो एकच लढत खेळला होता, 1984 मध्ये केव्हिन हॉवर्डशी, आणि त्यातही खाली पडला होता. मिडलवेटला तो त्याआधी कधीच लढला नव्हता. सट्टेबाजारात हॅगलर सरळसरळ पुढे होता. असा माणूस येतो आणि पहिल्या चार फेऱ्या घेऊन जातो. का? कारण हॅगलर डावखुऱ्या ठेवणीऐवजी उजव्या ठेवणीत उभा राहिला. तो निर्णय लेनर्डने घ्यायला लावला नव्हता. 12 फेऱ्यांच्या लढतीत सुरुवातीच्या चार सोडून दिल्या तर उरलेल्या आठांतल्या सात जिंकाव्या लागतात.

नियम सगळ्यांना माहीत असतीलच असं नाही, म्हणून सांगतो. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. तीन जज, तिघांचा हिशेब वेगळा. डेव्ह मोरेट्टी 115-113 लेनर्ड, लू फिलिपो 115-113 हॅगलर, होझे हुआन गेर्रा 118-110 लेनर्ड. गेर्राचा कागद टोकाचा आहे, मान्य. तो बाजूला ठेवला तरी हातात एक एक असा निकाल उरतो. मोजलेल्या ठोशांत लेनर्डचे 306 लागले, हॅगलरचे 291, आणि हॅगलरने त्यासाठी दीडशेहून जास्त ठोसे जादा मारले. म्हणजे हॅगलर चुकत होता. पुढे चालत राहणं म्हणजे जिंकणं नव्हे.

तालमीतला

वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. आमच्या कोल्हापुराकडे जुने लोक अजूनही निकाली कुस्तीच मानतात. पाठ लागली की कुस्ती संपली, गुणांचा हिशेब त्यांना आवडत नाही. हॅगलर त्या वृत्तीचा माणूस वाटतो. 52 वेळा त्याने जजांना काम ठेवलं नाही, आणि 1987 च्या त्या रात्री ठेवलं तर हरला. 1976 ची वॉट्सची लढत आणि 1979 ची बरोबरी पाहता, जजांच्या हाती काही सोपवायचं नाही हे तो फार लवकर शिकला असणार.

पण अर्धविराम, एक विचारतो. विजेत्याचा पट्टा काढून घ्यायचा तर आव्हान देणाऱ्याने तो हिसकावून घ्यायला हवा, अशी मुष्टियुद्धात जुनी धारणा आहे ना? लेनर्ड प्रत्येक फेरीच्या शेवटच्या तीस सेकंदांत हात भराभर चालवायचा, जजांचं लक्ष वेधायला. त्यात जोर किती होता?

अर्धविराम

तालमीतला, ती धारणा आहे, पण नियमांत ती कुठेही लिहिलेली नाही. आणि शेवटच्या तीस सेकंदांचं म्हणाल तर फेरी तीन मिनिटांची असते, उरलेल्या अडीच मिनिटांत हॅगलरला कुणी अडवलं नव्हतं.

कोयनाकाठ

अर्धविराम, नेमकं लिहिलंत. पहिल्या चार फेऱ्यांबद्दल माझंही मत वेगळं नाही. तिथे हॅगलरने स्वतःच्या हाताने स्वतःला खड्ड्यात घातलं.

पण त्या लढतीची गोष्ट रिंगमध्ये सुरू झाली नाही. 9 नोव्हेंबर 1982 ला बाल्टिमोरमध्ये लेनर्डने मोठा समारंभ ठेवला, हॅगलरला पाहुणा म्हणून बोलावलं. हॅगलर टक्सिडो घालून बसला, सगळ्यांना वाटलं आता लढतीची घोषणा होणार. लेनर्डने त्याचं कौतुक केलं आणि भर सभेत सांगितलं की ही लढत कधीच होणार नाही, मी निवृत्त होतोय. डोळ्याचं कारण खरं होतं, तो निर्णय शहाणपणाचाही होता. पण त्यासाठी हॅगलरला तिथे आणून बसवायची गरज नव्हती. मग 1986 च्या मार्चमध्ये लेनर्डने रिंगजवळ बसून मुगाबीची लढत पाहिली. 11 फेऱ्या चाललेल्या त्या लढतीत हॅगलर मंदावलेला दिसला, आणि दोन महिन्यांत लेनर्डला पुन्हा लढावंसं वाटलं.

वाटाघाटींत लेनर्डने 15 ऐवजी 12 फेऱ्या मागितल्या, मोठी रिंग मागितली, जाड म्हणजे 10 औंसांचे ग्लोव्ह्ज मागितले. हॅगलरने तिन्ही दिलं आणि बदल्यात जास्त पैसे घेतले. तो करार त्याने डोळे उघडे ठेवून केला, म्हणून मी त्याला अन्याय म्हणत नाही. पण लढत 15 फेऱ्यांची असती तर शेवटच्या तीन फेऱ्यांत लेनर्ड उभा राहिला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आणि गेर्राबद्दल: जजांच्या यादीत आधी इंग्लंडचे हॅरी गिब्स होते. हॅगलरच्याच बाजूने आक्षेप घेऊन त्यांच्या जागी मेक्सिकोचा जज मागितला, आणि गेर्रा आले. गिब्सनी ती लढत घरी टीव्हीवर पाहिली आणि आपण हॅगलरला विजयी ठरवलं असतं असं पुढे सांगितलं.

मृण्मयी_के

लेख आणि चर्चा दोन्ही मन लावून वाचलं. मी डॉक्टर आहे, मेंदूच्या इजा झालेले रुग्ण रोज बघते, त्यामुळे या खेळाबद्दल मला मनापासून ओढ वाटणं शक्य नाही. डोक्यावर मारणं हाच ज्याचा उद्देश आहे त्या खेळात सहन करण्याच्या ताकदीचं इतकं कौतुक व्हावं हे मला अस्वस्थ करतं. 'हनुवटीवर विश्वास' हे शब्द वाचताना मी थांबले. मेंदू कवटीत तरंगत असतो. ठोसा सहन करून माणूस उभा राहिला याचा अर्थ मेंदूला काही झालं नाही असा नसतो, आणि नॉकआउट न होता वर्षानुवर्षं खाल्लेला मार जास्त नुकसान करू शकतो.

तुम्ही 15 फेऱ्यांची आठवण काढता. त्या 12 वर का आल्या हेही लिहायला हवं.

डावखुरा_

मृण्मयीताई, तुमचं म्हणणं मी पूर्ण मानतो, आणि शिकवणारा माणूस म्हणून ते रोज डोक्यात ठेवतो. आमच्याकडे मुलाला डोक्याला जोराचा मार बसला की त्याला ठरावीक काळ सरावाला उतरू देत नाही, घरचे आणि तो स्वतः कितीही मागे लागले तरी.

फेऱ्या का कमी झाल्या ते लिहितो. 13 नोव्हेंबर 1982, लास वेगास. दक्षिण कोरियाचा किम डुक-कू आणि अमेरिकेचा रे मॅन्सिनी. चौदाव्या फेरीत किम पडला, बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने लगेच विजेतेपदाच्या लढती 12 फेऱ्यांवर आणल्या, बाकीच्या संघटनांनी पुढच्या काही वर्षांत. माझं स्वतःचं मत सांगायचं तर 12 पुरे आहेत. हॅगलरची बाजू घ्यायची म्हणूनही मी 15 फेऱ्या मागणार नाही.

कोयनाकाठ

मृण्मयीताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं, कारण हॅगलरची निवृत्ती मला मोठी वाटते ती याच कारणाने.

हॅगलरने मिंटरला हरवलं त्यानंतर पाचच दिवसांनी, 2 ऑक्टोबर 1980 ला, लॅरी होम्सने मुहम्मद अलीला दहा फेऱ्या मारलं. अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवली तेव्हा अली 38 वर्षांचा होता. तरीही 1981 च्या डिसेंबरात तो आणखी एकदा लढला. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. लेनर्ड 1991 मध्ये टेरी नॉरिसकडून मार खाऊन निवृत्त झाला आणि 1997 मध्ये, चाळिशीत, परत आला. हेक्टर कामाचोने त्याला पाच फेऱ्यांत संपवलं. दुरान पन्नाशीपर्यंत लढत राहिला. हर्न्सची शेवटची लढत 2006 मध्ये झाली. लेनर्ड, दुरान, हर्न्स आणि हॅगलर या चौघांतला एकटा हॅगलर 32 व्या वर्षी थांबला आणि थांबलेलाच राहिला.

त्याला परत यायला कारण कमी नव्हतं. जगातले निम्मे लोक त्याला सांगत होते की तू जिंकला होतास. कार्लोस मोन्सोनचा मिडलवेटमधला 14 बचावांचा विक्रम दोन लढतींवर राहिला होता. परत बोलावणारे लोक आणि पैसे दोन्ही होते. 50 डॉलरपासून सुरू केलेल्या माणसाने ते नाकारलं. हे करायला किती निग्रह लागला असेल याचा मी विचार करतो तेव्हा प्रॉव्हिन्सटाउनचं धावणं सोपं वाटतं.

जुनी_वही

हर्न्सच्या लढतीवर धागाकर्त्यांनी दोन शब्दांत आटोपलंय, ते मला चालणार नाही!

15 एप्रिल 1985. हर्न्स हॅगलरपेक्षा चांगला उंच, हात लांब, आणि त्याचा उजवा सरळ ठोसा त्या काळातला सगळ्यात भयंकर. आदल्या वर्षी त्याने दुरानला दोन फेऱ्यांत तोंडावर आडवं पाडलं होतं, ज्या दुरानने हॅगलरला 15 फेऱ्या झुंजवलं होतं. शहाणपण सांगत होतं की हॅगलरने सावकाश सुरुवात करावी, हर्न्सला थकू द्यावं. हॅगलर घंटा होताच धावत गेला. पहिल्या मिनिटात हर्न्सच्या उजव्या हाताने तो हादरला, कपाळ फुटलं. तो मागे हटला नाही, शरीरावर मारत राहिला. त्या पहिल्या तीन मिनिटांना मुष्टियुद्धातली सर्वोत्तम फेरी म्हणणारे असंख्य आहेत. त्याच फेरीत हर्न्सचा उजवा हात मोडला.

तिसऱ्या फेरीत रक्त इतकं वाहू लागलं की रेफरी रिचर्ड स्टीलने लढत थांबवून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं. आता हॅगलरला कळलं की पुढच्या वेळी कदाचित थांबवतील. आंतुओफेर्मोची रात्र त्याच्या मनात आली असेलच असं मला ठाम वाटतं. काही सेकंदांत त्याने उजव्या हाताने हर्न्सला डळमळीत केलं, हर्न्स पाठ वळवून अडखळत गेला, हॅगलर मागे धावला आणि शेवटच्या उजव्या ठोशाने त्याला झोपवलं. हर्न्स उठला, पण स्टीलच्या मिठीत. सगळा खेळ आठ मिनिटांचा.

मृण्मयीताईंचं म्हणणं मनात ठेवूनही मी ती लढत पुन्हा पुन्हा पाहतो.

पहिलटकर

मी या खेळातलं काही जाणत नाही, धागा वाचून बघावंसं वाटतंय. कुठून सुरुवात करू?

डावखुरा_

हर्न्सच्या लढतीपासून करू नका. ती आधी पाहिली तर बाकीचं सगळं मंद वाटेल. आधी सिब्सन 1983, म्हणजे त्याचं कौशल्य कळेल. मग मिंटर 1980, ती तीनच फेऱ्यांची आहे, आणि शेवटचा गोंधळही नक्की पाहा. मग दुरान, पण ती पूर्ण पाहा, तुकडे नको. त्यानंतर हर्न्स. लेनर्डची सगळ्यात शेवटी, आणि समालोचनाचा आवाज बंद करून. समालोचक ज्याचं कौतुक करतात त्याचेच ठोसे आपल्याला दिसू लागतात.

चार्ल्सकाठ

यात हॅगलरच्या धाकट्या सावत्र भावाची, रॉबी सिम्सची एक लढत जोडतो. 1986 च्या जूनमध्ये त्याने दुरानला गुणांवर हरवलं. मोठ्या भावाला ज्याने 15 फेऱ्या घाम फोडला त्याला धाकट्याने हरवलं. तोही पेट्रोनेलींचाच शिष्य.

अर्धविराम

डावखुरा यांच्या सांगण्यावरून आवाज बंद करून लढत पुन्हा पाहिली, प्रत्येक फेरीनंतर थांबून कागदावर लिहिलं. पहिल्या चार लेनर्ड. पाचवी हॅगलर, त्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, लेनर्डचे पाय गेले होते. सहावी लेनर्ड. सातवी, आठवी हॅगलर. नववी लेनर्ड. दहावी हॅगलर, अकरावी लेनर्ड, बारावी हॅगलर. म्हणजे 115-113 लेनर्ड. आवाजासकट पाहिली होती तेव्हा मी दोन फेऱ्या जास्त दिल्या होत्या, इतका फरक पडला.

कोयनाकाठ

अर्धविराम, तुमच्या कागदातल्या अकरा फेऱ्यांना माझी हरकत नाही. वाद फक्त नवव्या फेरीचा, आणि ती एक फिरली तर लढत 114-114 बरोबरीत सुटते. बरोबरीत पट्टा कुणाकडे राहतो ते 1979 ने हॅगलरला शिकवलंच होतं.

नवव्या फेरीत हॅगलरने लेनर्डला कोपऱ्यात कोंडलं आणि दोन्ही हातांनी फोडलं. लेनर्ड लढत लढत बाहेर आला, ते देखणं होतं, लोक उभे राहिले. पण बाहेर येण्याआधी त्याने काय खाल्लं ते मोजा. माझ्या मोजणीत त्या फेरीतले जड ठोसे सगळे हॅगलरचे आहेत, आणि डावखुरा यांनी सांगितलेला तो पाय, पुढचा, बाहेरचा, तो त्या पूर्ण फेरीत हॅगलरचा होता. ती फेरी पुन्हा पाहा आणि फक्त पाय पाहा. मग लिहा.

अर्धविराम

रविवारी पाहतो. पण लेनर्डचा पाय कोपऱ्यातून सुटताना दोनदा बाहेर पडलाय, हे आत्ताच सांगून ठेवतो.